झेंडूआडचा स्क्रू

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता आमच्या घरात दोन आवाज कायम असायचे. एक आईच्या मिक्सरचा आणि दुसरा बाबांच्या कानशीचा. मिक्सर निदान वाटण झालं की थांबायचा. कानस मात्र सकाळच्या चहाला सुरू व्हायची ती जेवणाची ताटं मांडेपर्यंत चालू. खर्र खर्र, मध्येच बाबांची एक फुंकर, पुन्हा खर्र खर्र. गराजमध्ये उकडतं म्हणून त्यांनी वाइस, म्हणजे लोखंड पकडायचा शिकंजा, उचलून आणून स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला बसवला होता. त्यात बेसनाच्या लाडवाएवढं पोलादाचं एक चाक पकडलेलं असायचं आणि त्याच्या कडेवर बाबा एकेक दात कानशीने पाडत बसायचे. आई पोह्यांची बशी उजेडाकडे धरून बघायची. "आज मी खोबरं घातलेलं नाही," ती म्हणायची, "मग हे काय चमकतंय?" बाबा मान वर न करता सांगायचे, "खा गं. लोहच आहे. हिमोग्लोबिन वाढेल." आई ती बशी त्यांच्यासमोर सरकवायची आणि स्वतःसाठी दुसरी भरून घ्यायची.

बाबांनी कोल्हापूरजवळच्या एका कारखान्यात बरीच वर्षं मिलिंग मशिनांचं डिझाइन केलं होतं. मिलिंग मशीन म्हणजे काय, हे शाळेतल्या मैत्रिणींना सांगताना माझी कायम पंचाईत व्हायची. सोपं करून सांगायचं तर लेथवर लोखंड फिरतं आणि हत्यार त्याला टेकतं. मिलिंगमध्ये उलट. दातांचं चाक जागच्या जागी फिरतं, त्याला कटर म्हणायचं, आणि लोखंड त्याच्याखालून सरकत जातं आणि सपाट होऊन बाहेर येतं. पुढे सगळेच सॉफ्टवेअरकडे वळले तसे बाबाही वळले, आणि आम्ही अमेरिकेत, आधी पिस्कॅटवेच्या अपार्टमेंटात आणि मग वेस्ट विंडसरच्या भाड्याच्या घरात आलो. बाबांच्या ऑफिसात कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. म्हणजे मशिनं होती, पण पडद्यावर. मग एक दिवस ते कामही गेलं. कुठे गेलं, तर पुण्याला. आम्ही तिकडून इकडे आलो आणि बाबांचं काम इकडून तिकडे गेलं, आणि जाण्यापूर्वी ते तिकडच्या मुलांना फोनवरून शिकवलं कुणी, तर बाबांनीच. "पोरं हुशार आहेत," ते आईला म्हणाले. त्या आठवड्यात ते ताटात निम्मं टाकून उठायचे.

ग्रीन कार्ड आलेलं होतं, त्यामुळे देश सोडायची टांगती तलवार नव्हती. पण बाबांना रिकामं बसणं माहीतच नव्हतं. सकाळी कंप्युटरवर दहा ठिकाणी अर्ज करून झाले की त्यांचे हात शिवशिवायला लागायचे. घरातल्या सगळ्या कड्या-बिजागऱ्या संपल्या. शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र, न मागता, दुरुस्त झालं. दिवाणखान्यातला सोफा त्यांनी या भिंतीचा त्या भिंतीला लावला, मग परत पहिल्या. तो सोफा म्हणजे आईने अमेरिकेत घेतलेली पहिली कोरी वस्तू. फिक्या बदामी रंगाचा. त्याच्या हातांवरचं प्लास्टिक तिने अजून काढलं नव्हतं. "त्याला हात लावाल तर बघा," असं तिने बजावल्यावर बाबा घरभर येरझाऱ्या घालू लागले. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाला पोचले आहे आणि माझा नवरा मला म्हणतो, तू एक मिनिट स्वस्थ बसत नाहीस. मी त्याला सांगते, हे काहीच नाही, तू तेव्हा आमच्या घरी यायला हवं होतंस.

स्वस्थ मीही नव्हते. कोल्हापूर धरून ती माझी चौथी शाळा. तिथे मला पहिल्यांदाच जेवणाच्या सुट्टीत एक ठरलेली खुर्ची मिळाली होती, एमी नावाच्या मुलीच्या शेजारी, आणि त्या खुर्चीसाठी मी काहीही करायला तयार होते. बाबांचे कॉलेजचे मित्र शिंदे काका मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहायचे. त्यांचा फोन आला की मी गृहपाठ सोडून कान टवकारायचे. फोन स्पीकरवर असायचा. "अरे यार, इथे ये ना," काका म्हणायचे. "माझ्या ग्रुपमध्ये काँट्रॅक्ट आहे, बेनिफिट्स आहेत, स्कूल्स मस्त आहेत. थंडीचं काय, जॅकेट घाल." बाबा म्हणायचे, बघतो. आई नागपूरची, तिला थंडीचं नाव नको होतं, पण नोकरीबरोबर मिळणारा डॉक्टरचा विमा हवा होता. ती गप्प राहायची, आणि तिचं गप्प राहणं म्हणजे हो असतं हे मला कळत होतं.

अशात, सुट्टीनंतर शाळा उघडल्या उघडल्या, मला इतिहासाचा प्रकल्प मिळाला: अमेरिकेत लागलेला एखादा शोध. मी आळस करून बाबांचाच विषय घेतला. पुस्तकात मिलिंग मशीन एका थोर माणसाने शोधलं असं एका ओळीत लिहिलं होतं. बाबांनी ती ओळ वाचली आणि पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. "मशीनला एक बाप नसतो," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर लायब्ररीत आले, आणि त्यानंतर मी नसले तरी जायला लागले. बंदुका बनवणाऱ्या निरनिराळ्या लहान लहान कारखान्यांत, नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या चाकांच्या जोरावर, साधारण एकाच काळात बऱ्याच जणांनी हा खटाटोप केला होता. बंदुकीचे भाग कानशीने घासून घासून माणसं थकली होती. कुणाला तरी वाटलं, कानसच गोल करून फिरवली तर?

हे बाबांनी मला समजावलं ते किसणी घेऊन. आई कोथिंबीर निवडत होती, तिच्यासमोरून त्यांनी किसणी उचलली. "सुरुवातीचे कटर म्हणजे ही बारीक बाजू," ते म्हणाले. "दात इतके जवळजवळ की कीस मध्येच अडकून बसायचा. कटर घासत राहायचा, कापायचाच नाही. मोठे, लांब लांब दात ठेवायचे हे सुचायला किती वर्षं गेली असतील. आज तुला सोपं वाटतं." मग त्यांनी जुन्या मशीनचं चित्र काढलं. लाकडी बैठक, लेथवरून उचलून आणल्यासारखा फिरता दांडा, खाली सरकणारं छोटं टेबल. "हे टेबल पुढेमागे जातं. वर-खाली? नाही. उंची कायमची एकच. जास्त खोल कापायचं तर लोखंडाखाली पत्र्याचे तुकडे सरकवायचे." चित्रातल्या त्या जागेवर त्यांची पेन्सिल बराच वेळ टेकलेली होती. "एवढं डोकं चालवलं आणि इथे थांबले कसे हे लोक?" ते स्वतःशीच म्हणाले. "किसणी द्या," आई म्हणाली.

आठवडाभरात गराजमध्ये मशीन उभं राहायला लागलं. पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतावरच्या लिलावातून लेथचा मोडका तुकडा आला, कुणीतरी रस्त्याकडेला टाकलेल्या ड्रायरची मोटर आली, जुन्या ओकच्या पलंगाची फळी आली. मी प्रकल्पासाठी म्हणून नदीपलीकडच्या एका छोट्या संग्रहालयाला ईमेल केली. जुन्या गिरणीत भरवलेलं यंत्रांचं संग्रहालय होतं ते. शेवटी एक ओळ सहज लिहिली: माझे बाबा अशाच एका मशीनची प्रतिकृती बनवत आहेत. उत्तर आलं ते मिस डोनेली नावाच्या बाईंचं. त्या संग्रहालय सांभाळायच्या. त्यांच्याकडची जुनी यंत्रं इतकी जीर्ण होती की चालवता येत नव्हती. त्यांना हुबेहूब तशीच यंत्रं बनवून लोकांपुढे चालवून दाखवणारा माणूस हवा होता. तो मिळतच नव्हता. "तुझ्या वडिलांचं मशीन मला बघायला आवडेल," असं त्यांनी लिहिलं होतं, आणि खाली, जागा पूर्ण वेळेची आहे.

मी ती ईमेल छापून फ्रिजवर लावली. पगार कमी होता पण विमा होता. घर सोडायचं नव्हतं, शाळा सोडायची नव्हती. शिंदे काकांना सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं आणि मिस डोनेली त्याच्या आधीच्या शनिवारी येणार होत्या. आई ईमेल वाचून म्हणाली, "बघू बापा. हात तर त्यांचे तिथेच शांत होतील." त्या दिवशी बाबांनी ताट स्वच्छ केलं. मी एमीला सांगून टाकलं की आम्ही कुठेही जाणार नाही.

मग एका दुपारी मी शाळेतून आले तर बाबा मशीनच्या मागच्या बाजूला ओणवे झाले होते. दांडा ज्या दोन खांबांवर बसवला होता, त्यांच्यामध्ये एक उभा स्क्रू बसला होता. वर पितळी मूठ. बाबांनी मूठ फिरवली आणि फिरता दांडा, कटरसकट, केसभर खाली आला. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. लहान मुलाला पहिल्यांदा सायकलवर तोल सापडावा तसा होता तो.

"हे जुन्या मशीनमध्ये होतं?" मी विचारलं.

"नव्हतं."

"मग? बाबा, शी वॉन्ट्स अ कॉपी. एक्झॅक्ट."

"माहीत आहे मला."

"मग काढा ना ते."

"काढतो गं. एकदा चालतंय का तेवढं बघतो." त्यांनी मूठ पुन्हा फिरवली. आई दारातून म्हणाली, "करायला गेले गणपती आणि झाला मारुती." बाबा हसले. काढतो म्हणाले. पुढचे सगळे दिवस मी शाळेतून आल्याबरोबर आधी गराजमध्ये जाऊन बघायचे, आणि रोज तो स्क्रू तिथेच असायचा. एकदा तर त्याच्या मुठीवर त्यांनी खुणाही कोरल्या होत्या, किती खाली आलो ते कळावं म्हणून. मी भांडले. रडलेसुद्धा. ते म्हणायचे, शनिवारच्या आत निघेल.

शनिवारी खंडेनवमी होती. हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हतं, आईने कॅलेंडर बघून सांगेपर्यंत. बाबा देवाधर्माचे नव्हते. गणपतीत आरतीला टाळ्यासुद्धा उशिरा वाजवायचे. पण खंडेनवमी त्यांची होती. कोल्हापूरच्या कारखान्यात त्या दिवशी सगळी मशिनं पुसून, तेल देऊन, हळदकुंकू लावून उभी असायची, प्रत्येकाला झेंडूचा हार, आणि कामगार बायकामुलांना घेऊन नवे कपडे घालून आपापलं मशीन दाखवायला यायचे. मीही गेले होते, बाबांच्या कडेवर. त्या दिवशी तिथे एक पट्टासुद्धा फिरायचा नाही. अमेरिकेत आल्यावर बाबा दर खंडेनवमीला कीबोर्डला हळदकुंकू वाहायचे, आणि वाहताना जरा ओशाळायचे. या वर्षी त्यांच्याकडे खरंखुरं मशीन होतं.

"मग चालवून कसं दाखवणार?" मी विचारलं.

"आज नाही चालवायचं," बाबा म्हणाले. "उद्या."

"बाबा, ती आज येणार आहे. उद्या नाही."

"वर्षात एक दिवस लोखंडाला उसंत द्यायची असते. एवढं एकच पाळतो मी. तिला मी सांगेन, ती समजून घेईल." मी आईकडे बघितलं. वाटलं, विम्यासाठी तरी ती माझ्या बाजूने बोलेल. आई म्हणाली, "आज नाही चालवायचं," आणि हार करायला बसली. अंगणातल्या कुंड्यांत तिने उन्हाळ्यापासून झेंडू लावले होते, ते सगळे तिने तोडले. हार एवढा जाड झाला की तो मशीनच्या मागच्या खांबांवर टाकल्यावर उभा स्क्रू, त्याची मूठ, मुठीवरच्या खुणा, सगळं झाकून गेलं. मी ते पाहिलं. बाबांनीही पाहिलं. हार मी नीट सारखा केल्याचं दाखवत अजून थोडा मागे ओढला. मशीन चालणार नव्हतं याचं मला आता वाईट वाटेना. मनात म्हटलं, खंडेनवमी पावली.

मिस डोनेली उंच, पिकलेल्या केसांच्या बाई होत्या. पायात जाड बूट, जणू शेतावर निघाल्यात. आईने त्यांना आधी घरात नेलं. बाबांच्या घरच्या पद्धतीप्रमाणे तिने कडाकण्या केल्या होत्या. गोड, कुरकुरीत, पुरीसारख्या. नवरात्रात देवीवर दोऱ्याने बांधून टांगतात त्या. मिस डोनेलींनी देवघराकडे, टांगलेल्या कडाकण्यांकडे बघितलं, एक खाल्ली, दुसरी मागून घेतली. बाबांनी त्यांना सांगितलं की आज यंत्र विश्रांतीला आहे. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पण त्या म्हणाल्या, असा एक दिवस आमच्याकडेही असायला हवा होता, आमची निम्मी यंत्रं लोकांनी चालवून चालवून मारली आहेत.

मग आम्ही गराजमध्ये गेलो. मशीन चालत असतं तर पट्ट्याची फटफट झाली असती, कीस उडाला असता, आणि त्यांनी तेवढंच बघून टाळ्या वाजवल्या असत्या, असं मला अजूनही वाटतं. ते उभं होतं म्हणून त्या त्याच्याभोवती सावकाश फिरल्या. कटर जवळून बघितला. बारीक दातांवरून बोट फिरवून विचारलं, हे हाताने? बाबा हो म्हणाले. टेबल सरकवून बघितलं. "तुम्ही हे चित्रांवरून केलंत?" त्यांनी विचारलं. "मी आजवर पाहिलेल्यांपैकी हे सर्वांत जवळचं आहे." मी आईकडे बघितलं, आई पदराशी चाळा करत उभी होती. मिस डोनेली हात पुसायला लागल्या. संपलं होतं. आम्ही राहणार होतो.

"अजून एक गोष्ट दाखवायची आहे," बाबा म्हणाले.

त्यांनी हार उचलला. दोन्ही हातांनी, देवाचं निर्माल्य काढावं तसा, आणि बाजूला बाकावर ठेवला. मग मूठ फिरवली आणि दांडा खाली आणला, पुन्हा वर नेला. मशीन चालवणं वेगळं आणि हे वेगळं, असा बहुतेक त्यांनी मनाशी हिशेब केला असेल. ते बोलत होते, भराभर, इंग्रजी अडखळत, खोली बदलायला पत्र्याचे तुकडे लागत नाहीत, एकाच पकडीत दोन पायऱ्या कापता येतात, बघा. मिस डोनेलींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी स्वतः मूठ फिरवून बघितली. मग त्या म्हणाल्या, "हे त्या काळातलं नाही. हे त्याच्या एक पिढी पुढचं आहे."

"होय," बाबा म्हणाले, आणि त्यात खंत नव्हती.

जाताना त्या गाडीपाशी बाबांशी बोलल्या. मी ऐकलं. त्या म्हणाल्या, मला असा माणूस हवा आहे जो गोष्टी आहेत तशा राहू देईल. तुम्ही तो माणूस नाही, आणि हे मी तक्रार म्हणून म्हणत नाही. त्यांनी बाबांचा हात बराच वेळ धरून ठेवला होता.

मी गराजमध्ये बाबांना गाठलं. "झाकलेलं होतं ते," मी म्हणाले. "तुम्ही काढलंत हार. कुणी सांगितलं होतं? आम्ही राहिलो असतो. मला इथे राहायचंय हे माहीत होतं तुम्हाला." मराठीत सुरुवात केली होती, पुढचं सगळं इंग्रजीत ओरडले, तेच मुलांचं हत्यार असतं. बाबा बाकावर बसले होते. हार त्यांच्या मांडीवर होता.

"राहवलं नाही गं," ते म्हणाले. मग हार बाकावर ठेवत, "त्या बंदुकांच्या कारखान्यांतल्या लोकांनाही राहवलं नसणार. राहवलं असतं तर कानसच घासत बसले असते." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पण तुझं नुकसान झालं. ते मला कळतंय." मला ते कळतंय म्हणाले याचा जास्त राग आला. मी घरात निघून गेले आणि फ्रिजवरची ईमेल काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी पट्ट्याचा आवाज आला म्हणून मी खोलीतून बाहेर आले. आई आधीच गराजच्या दारात उभी होती, हातात उलथनं तसंच. बाबांनी पोलादाचा एक तुकडा टेबलावर पकडला होता. कटर त्याच्यावर टेकला आणि एक करकरीत, सलग आवाज सुरू झाला. कीस बारीक धुळीसारखा पडत होता, दातांत अडकत होता, बाबा ब्रशने काढत होते. तुकडा दुसऱ्या टोकाला पोचला. सपाट, चकचकीत. बाबांनी मूठ खुणेइतकी फिरवली आणि अर्धाच तुकडा कटरखालून जाईल एवढं टेबल पुन्हा सरकवलं. तुकड्यावर एक पायरी उमटली. बाबांनी त्याच्यावर अंगठा फिरवला आणि तो आईकडे दिला. आई पदराने पुसून तो उजेडाकडे धरून बघत होती, पोह्यांच्या बशीसारखा. बराच वेळ बघत होती. मी आजवर पाहिलेल्या जोडप्यांत किती नवऱ्यांच्या कामाकडे त्यांच्या बायका अशा बघतात, याचा मी कधी कधी विचार करते.

सोमवारी बाबांनी शिंदे काकांना हो सांगितलं. एमी रडली, मी रडले. तिने पत्र लिहायचं कबूल केलं आणि काही वर्षं लिहिलंही. भाड्याचा ट्रक आला तो आम्ही धरला होता त्यापेक्षा लहान निघाला. भांडी, गाद्या, पुस्तकं, देवघर आत गेलं. दारात दोन वस्तू उरल्या, सोफा आणि मशीन, आणि जागा एकीपुरतीच होती. बाबा सोफ्याचं एक टोक उचलायला वाकले. वाकताना त्यांनी मशीनकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, ते मला दिसलं.

"तो राहू दे," आई म्हणाली.

बाबा सरळ झाले. "अगं, कोरा आहे."

"तिकडे जमिनीवर बसू. हे घ्या आत आधी." तिने सोफ्याच्या हातावरून एकदा हात फिरवला, प्लास्टिकवरूनच, आणि ती ट्रकच्या मागच्या बाजूला जागा करायला वर चढली.

बाबांनी मशीनची एक बाजू धरली. एकट्याला उचलण्यासारखं नव्हतं ते. ते तसेच वाकून थांबले, कुणाला हाक न मारता. मी अजून रागावलेलीच होते. मी गेले आणि दुसरी बाजू उचलली.